टेट्रिसमधले तीन ‘अशक्य’

21 डिसेंबर 2023 रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात राहणाऱ्या 13 वर्षांच्या एका मुलाने 1989 सालचा एक व्हिडिओ गेम खेळायला घेतला. सुमारे 38 मिनिटांत त्याने 1,511 ओळी पूर्ण केल्या आणि तो 157व्या पातळीवर पोचला. तिथे पडद्यावरचे चित्र गोठले. खेळणारा हरला नव्हता, खेळच बंद पडला होता. त्या यंत्रावर इथवर पोचलेला हा पहिला माणूस होता. याच खेळाची 29वी पातळी ओलांडणे माणसाला अशक्य आहे, असे जाणकार खेळाडू कित्येक वर्षे मानत आले होते.

हा खेळ म्हणजे टेट्रिस. ‘अशक्य’ हा शब्द आपण वर्गात सहज वापरतो. ऋण संख्येचे वर्गमूळ वास्तव संख्यांमध्ये मिळणे अशक्य, असे आपण म्हणतो आणि अमुक मुलाला गणित येणे अशक्य, असेही म्हणतो. पण ही दोन्ही ‘अशक्य’ एका जातीची आहेत का? ते तपासायला टेट्रिससारखे साधन दुसरे मिळणार नाही.

खेळ काय आहे?

मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी 1984 साली हा खेळ तयार केला. त्यांच्या ‘एलेक्ट्रॉनिका 60’ या संगणकाच्या पडद्यावर चित्रे काढण्याची सोय नव्हती. म्हणून त्यांनी कंसाची चिन्हे जुळवून चौकोन दाखवले. पाच चौरस जोडून होणाऱ्या 12 आकारांचे एक जुने कोडे त्यांना आवडत असे. खेळासाठी त्यांनी पाचाऐवजी चारच चौरस घेतले. चार या अर्थाचा ग्रीक ‘टेट्रा’ आणि पाजित्नोव्ह यांचा आवडता टेनिस, यांतून ‘टेट्रिस’ हे नाव झाले.

आपल्याकडे 1990 नंतरच्या दशकात हातात मावणारा स्वस्त ‘ब्रिक गेम’ घरोघरी आला. त्यातला मुख्य खेळ हाच. 10 घरे रुंद आणि 20 घरे उंच अशा चौकटीत वरून एकेक तुकडा पडतो. तो डावीउजवीकडे सरकवता येतो, फिरवता येतो. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. तुकड्यांचा ढीग माथ्याला टेकला की खेळ संपला.

चार चौरस कडेला कड लावून किती प्रकारे जोडता येतात, हे मुलांना चौकटीच्या कागदावर शोधू द्यावे. तुकडा फिरवणे चालेल, पण उलटा पालथा करायचा नाही, असे ठरवले तर बरोबर सात आकार मिळतात. इंग्रजी अक्षरांशी असलेल्या साम्यावरून त्यांना आय, ओ, टी, एल, जे, एस आणि झेड म्हणतात.

पहिले अशक्य: हाताचा वेग

निन्टेंडो कंपनीच्या 1989 सालच्या आवृत्तीत पातळी वाढली की तुकडे अधिक वेगाने पडतात. पडद्यावरचे चित्र सेकंदाला सुमारे 60 वेळा बदलते. 29व्या पातळीपासून तुकडा दर चित्रामागे एक घर खाली येतो. म्हणजे 20 घरे उतरायला त्याला 20/60, सेकंदाचा एक तृतीयांश भाग पुरतो.

आता आडवा वेग पाहू. बाणाचे बटण दाबून ठेवले तर तुकडा जास्तीत जास्त दर 6 चित्रांना एक घर सरकतो, म्हणजे सेकंदाला 10 घरे. एक तृतीयांश सेकंदात होतात फक्त तीन घरे. ढीग थोडा वर आलेला असेल तर त्याहूनही कमी. तुकडा मधोमध उगवतो आणि कडेपर्यंत जायला पुष्कळदा चार-पाच घरे सरकावे लागते. मग कडेचे रकाने भरायचे कसे? भरता येणार नाहीत, म्हणजे खेळ इथेच संपला, असा निष्कर्ष निघाला.

गणितात चूक नव्हती. पण त्यात एक गृहीत दडलेले होते: बटण ‘दाबून ठेवले’ तर! बटण सोडून पुन्हा दाबले की यंत्र त्याची नवी नोंद घेते. अंगठा थरथरवत सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा बटण दाबण्याची रीत काही खेळाडूंनी कमावली. निन्टेंडोची 1990 सालची स्पर्धा जिंकलेल्या थॉर ऑकरलुंड यांनी 2011 साली 30वी पातळी गाठून दाखवली. 2018 साली जोसेफ सेली या 16 वर्षांच्या मुलाने याच रीतीने सात वेळा जगज्जेता ठरलेल्या खेळाडूला हरवले.

2020च्या सुमारास आणखी एक युक्ती निघाली. अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे एकामागून एक यंत्राच्या पाठीवर वाजवायची. प्रत्येक बोटाच्या धक्क्याने बटणच अंगठ्यावर येऊन आपटते. टेबलावर बोटे वाजवून पाहा. एक बोट जितके जलद वाजते त्याच्या कितीतरी पट जलद चार बोटे पाळीपाळीने वाजतात. या रीतीने सेकंदाला 20च्या घरात नोंदी होऊ लागल्या आणि 29व्या पातळीची भिंत कोसळली. पुढे 157व्या पातळीवर आड आला तो प्रोग्रॅम. ओळ भरल्यावर गुण मोजण्याचे काम पुढचे चित्र येण्याआधी संपेना आणि तो कोलमडला. असे होणार हे हौशी लोकांनी प्रोग्रॅम तपासून आधीच सांगून ठेवले होते.

दुसरे अशक्य: सात तुकड्यांचा आयत

आता वर्गात करण्याजोगा प्रयोग. जाड पुठ्ठ्यातून सातही तुकडे एकेक कापून घ्या. एकूण चौरस 7 × 4 = 28. या तुकड्यांनी 4 × 7 चा आयत भरा, असे मुलांना सांगा. पंधरा-वीस मिनिटे भरपूर खटपट होईल. कुणाचा एक चौरस उरेल, कुणाची कड बाहेर येईल. आयत कोणालाच जमणार नाही.

मग विचारा: आपल्याला जमले नाही म्हणजे ते अशक्य आहे का? 29व्या पातळीची गोष्ट ऐकलेली मुले ‘नाही’ म्हणतील आणि ते बरोबरच आहे. केवळ न जमण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण इथे कारण देता येते.

आयताची घरे बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे काळी-पांढरी रंगवा. 14 काळी, 14 पांढरी होतील. आता एकेक तुकडा पटावर ठेवून त्याखाली कोणती घरे झाकली जातात ते पाहा. आय, ओ, एल, जे, एस, झेड हे सहा तुकडे कुठेही, कसेही ठेवले तरी 2 काळी आणि 2 पांढरी घरे झाकतात. टी मात्र एका रंगाची 3 आणि दुसऱ्या रंगाचे 1 घर झाकतो. म्हणजे सात तुकडे मिळून काळी घरे झाकणार 12 + 3 = 15 किंवा 12 + 1 = 13. हवी होती 14. ती कधीच मिळणार नाहीत!

हे अशक्य वेगळ्या जातीचे आहे. इथे बोटांचा वेग, सराव, जलद संगणक, कशाचाच उपयोग नाही. 28 घरांचा 2 × 14 चा आयतही याच कारणाने बाद होतो.

आता मुलांना दोन संच द्या. 14 तुकडे, 56 घरे आणि 7 × 8 चा आयत. दोन टी एकमेकांची विषमता भरून काढू शकतात, त्यामुळे रंगांची हरकत उरत नाही. पण हरकत नसणे म्हणजे जमणे नव्हे. ते मांडूनच दाखवावे लागते. ही मांडणी जमते. ती शोधण्याचा आनंद मुलांसाठी राखून ठेवावा.

तिसरे अशक्य: कायम खेळत राहणे

वेगाची अडचणच नसेल, विचाराला हवा तितका वेळ असेल, तर कुशल खेळाडू टेट्रिस कायम खेळू शकेल का? जॉन ब्रझुस्टोव्स्की यांनी 1992 साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात आपल्या प्रबंधासाठी हा प्रश्न घेतला. 1997 साली हायडी बर्गिएल यांनी दाखवले की, एस आणि झेड हेच तुकडे आलटून पालटून येत राहिले तर 70,000 तुकड्यांच्या आत खेळ संपतोच.

कारणाचा गाभा सोपा आहे. उभा एस दोन घरे रुंद असतो. एसवर एस नीट बसतो, झेडवर झेडही बसतो. एसवर झेड ठेवला की फट राहते. 10 घरे रुंदीच्या चौकटीत असे दुपदरी रकाने पाचच होतात. एस आणि झेड सारख्याच संख्येने येतात, पण पाच रकाने दोघांत सारखे वाटता येत नाहीत. दोन एसना दिले तर झेडना तीन. मग एसचे रकाने भराभर वाढतात आणि तोल जातो. म्हणजे सारे घोडे अडते ते पाच ही संख्या विषम असल्यामुळे!

तुकडे खरोखर यदृच्छेने येत असतील तर अनंत काळात ही अशुभ मालिका कधीतरी येणारच. पण केव्हा? ठरावीक 70,000 तुकडे ओळीने येण्याची संभाव्यता 7 चा 70,000वा घात भागिले एक नव्हे, तर एक भागिले तो घात इतकी. त्या छेदात 59,157 अंक आहेत. व्यवहारात वाट पाहण्यात अर्थ नाही. शिवाय हल्लीच्या अनेक आवृत्त्यांत दर सात तुकड्यांत सातही आकार एकेकदा येतात. तिथे ही मालिका संभवतच नाही. नियम बदलला की ‘अशक्य’ही बदलते.

वर्गासाठी

तर ‘अशक्य’ तीन प्रकारचे निघाले. एक, अजून कोणी केलेले नाही म्हणून अशक्य. दोन, नियमांतूनच निघणारे, कारणासह सिद्ध झालेले अशक्य. तीन, अमुक अटी पाळल्या तरच अशक्य. आपल्या विषयांतली उदाहरणे या तीन रकान्यांत मुलांकडून भरून घ्यावीत. पट्टी आणि कंपास वापरून कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करणे, प्रकाशापेक्षा वेगाने संदेश पाठवणे, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंशांहून जास्त असणे. शेवटचे उदाहरण सपाट कागदावर अशक्य आणि चेंडूवर सहज शक्य! त्यावर वाद होईल. होऊ द्यावा.

आणि विद्यार्थ्याबद्दल तो शब्द ओठावर येईल तेव्हा आपणही रकाना तपासावा. ‘याला अपूर्णांक येणे शक्य नाही’ या वाक्याला आयताच्या कोड्यासारखा पुरावा कुठेही नसतो. ते नेहमी पहिल्या किंवा तिसऱ्या रकान्यातच बसते. तिथे शोधायचे असते ते एवढेच, की आपण कोणते गृहीत धरून बसलो आहोत.