मिश्रवंशीय राजकीय नेते, अमेरिकेतील

भिन्न वंशांच्या मातापित्यांपासून किंवा पूर्वजांपासून जन्मलेल्या सार्वजनिक व्यक्तींना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कोणत्या वंशाचे मानले जाते, हा प्रश्न तेथील कायदा, जनगणना आणि निवडणुकांचे राजकारण या तिहींशी निगडित आहे. अशा व्यक्तीस मातेचा व पित्याचा असा दुहेरी वारसा लाभलेला असतो. तथापि ज्याच्या पूर्वजांत एकही आफ्रिकी व्यक्ती आढळते तो कृष्णवर्णीय, असा दंडक तेथे दीर्घकाळ रूढ होता. त्यास ‘एका थेंबाचा नियम’ असे म्हणतात. कायद्यातून हा नियम नाहीसा झाला असला, तरी लोकव्यवहारातील त्याचा प्रभाव अद्यापि ओसरलेला नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : या दंडकाचे मूळ गुलामगिरीच्या अर्थव्यवस्थेत आहे. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये केलेल्या कायद्यान्वये अपत्याचा दर्जा मातेच्या दर्जावर ठरू लागला. परिणामी गोऱ्या मळेवाल्यास गुलाम स्त्रीपासून झालेली संतती गुलामच राहिली व मालकाच्या संपत्तीत भर पडली. येथील मूळ इंडियन जमातींच्या बाबतीत मात्र याउलट घडले. जमिनीवरील त्यांचे हक्क मर्यादित करण्याकडे शासनाचा कल असल्याने, इंडियन म्हणून मान्यता मिळण्यास रक्ताचा विशिष्ट अंश असल्याचे दाखवावे लागे. म्हणजे एका समाजाची संख्या वाढण्यात, तर दुसऱ्याची घटण्यात सत्ताधारी वर्गाचा लाभ होता. वंशाच्या व्याख्या त्यानुसार घडत गेल्या.

तरीही प्रारंभी ही सीमारेषा काहीशी सैल होती. व्हर्जिनियाच्या १७८५ च्या कायद्याप्रमाणे एक चतुर्थांश किंवा त्याहून अधिक आफ्रिकी अंश असलेली व्यक्ती ‘म्युलॅटो’ ठरे. त्याहून कमी अंश असणाऱ्यांना हा कायदा लागू होत नसे. गुलामगिरी संपुष्टात आल्यानंतर वंशविभाजनाचे कायदे झाले आणि ही रेषा अधिकाधिक कडक होत गेली. लुइझियानात होमर प्लेसी यांना १८९२ मध्ये गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसल्याबद्दल अटक झाली. त्यांच्या पूर्वजांचा सात अष्टमांश भाग यूरोपीय होता. सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये ‘विभक्त परंतु समान’ हे तत्त्व उचलून धरले आणि व्यक्तीचा वंश किती अंशावर ठरवावा हा प्रश्न घटक राज्यांच्या कायद्यांवर सोपविला. व्हर्जिनियाच्या १९२४ च्या कायद्याने कॉकेशियन वंशाखेरीज अन्य रक्ताचा लवलेशही नसणारी व्यक्तीच गोरी ठरविली. त्यास एकच अपवाद होता. एक षोडशांशापर्यंत इंडियन रक्त असणाऱ्यांना गोरे मानण्यात आले; कारण पोकॅहाँटस या इंडियन स्त्रीचे वंशज म्हणविणारी अनेक प्रतिष्ठित घराणी त्या राज्यात होती.

जनगणना : १८५० च्या जनगणनेत ‘म्युलॅटो’ हा वर्ग प्रथम आला. १८९० मध्ये एक चतुर्थांश व एक अष्टमांश आफ्रिकी अंश असणाऱ्यांचे स्वतंत्र वर्गही पाडण्यात आले. १९२० नंतर ‘म्युलॅटो’ हा वर्ग वगळला गेला आणि १९३० मध्ये, अंश कितीही अल्प असला तरी अशा व्यक्तीची नोंद ‘निग्रो’ म्हणूनच करावी, अशी सूचना प्रगणकांना देण्यात आली. याच काळात, १९२० ते १९४० च्या जनगणनांत, भारतीय वंशाच्या लोकांसाठी धर्माचा विचार न करता ‘हिंदू’ हा वांशिक वर्ग योजलेला होता. प्रगणकाने पाहून वंश ठरविण्याची पद्धत १९६० पासून मागे पडली आणि कुटुंबाने स्वतः भरलेल्या नोंदीस महत्त्व आले.

राजकारणातील परिणाम : पी. बी. एस. पिंचबॅक (१८३७–१९२१) यांचे वडील गोरे मळेवाले आणि आई पूर्वाश्रमीची गुलाम होती. ते डिसेंबर १८७२ ते जानेवारी १८७३ या अल्पकाळात लुइझियानाचे गव्हर्नर होते. इतिहासात त्यांची नोंद देशातील पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर अशीच आहे. त्यांचे नातू, साहित्यिक जीन टूमर (१८९४–१९६७) यांनी मात्र ‘निग्रो’ हे अभिधान नाकारून आपण केवळ अमेरिकन आहोत अशी भूमिका घेतली. याउलट वॉल्टर व्हाइट (१८९३–१९५५) हे गौरवर्ण व निळ्या डोळ्यांचे असूनही कृष्णवर्णीय म्हणूनच वावरले आणि नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या एका प्रमुख संघटनेचे दीर्घकाळ कार्यवाह होते. आपल्या रूपाचा उपयोग करून त्यांनी दक्षिणेत गोऱ्या जमावांनी केलेल्या हत्यांची माहिती मिळविली.

वांशिक अभिधान हे निवडणुकीतील अस्त्रही ठरले. वॉरन हार्डिंग यांच्या पूर्वजांत आफ्रिकी रक्त असल्याचा प्रचार १९२० च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत झाला. ते निवडून आले, परंतु प्रवाद टिकून राहिला. २०१५ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांच्या जनुकीय चाचणीतून त्यास आधार मिळाला नाही. त्यानंतर आठच वर्षांनी, १९२८ मध्ये, चार्ल्स कर्टिस (१८६०–१९३६) हे उपाध्यक्षपदी निवडून आले. त्यांच्या मातेकडून आलेला कॉ जमातीचा वारसा सर्वश्रुत होता आणि प्रचारात तो अभिमानाने मांडला गेला. एकाच दशकात एक मिश्र वारसा कलंक, तर दुसरा भूषण ठरला, यावरून या वर्गीकरणाचे खरे स्वरूप स्पष्ट होते.

अलीकडील स्थिती : आंतरवंशीय विवाहांना बंदी करणारे कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये घटनाबाह्य ठरविले. लुइझियानात एक बत्तिसांशाहून अधिक आफ्रिकी अंश असणाऱ्यास कृष्णवर्णीय ठरविणारा १९७० चा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. २००० च्या जनगणनेत एकाहून अधिक वंश नोंदविण्याची मुभा प्रथमच मिळाली व सु. ६८ लक्ष लोकांनी (२.४ टक्के) ती घेतली. २०२० मध्ये ही संख्या ३ कोटी ३८ लक्षांवर (१०.२ टक्के) गेली, प्रश्नांच्या मांडणीत व नोंदींच्या संकलनात झालेला बदल हेही या वाढीचे एक कारण होते.

बराक ओबामा (जन्म १९६१) यांचे वडील केन्याचे व आई कॅन्ससची गोरी अमेरिकन. राष्ट्राध्यक्ष असताना २०१० च्या जनगणनेत अनेक वंश नोंदविण्याची सोय असूनही त्यांनी केवळ कृष्णवर्णीय हाच रकाना भरला. तत्पूर्वी, त्यांचे पूर्वज अमेरिकेत गुलाम नव्हते म्हणून ते पुरेसे कृष्णवर्णीय नाहीत, असा आक्षेपही काही कृष्णवर्णीयांनीच घेतला होता. कमला हॅरिस (जन्म १९६४) यांची आई तमिळ, तर वडील जमेकाचे. कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या त्या पदवीधर असून २०२१ ते २०२५ या काळात उपाध्यक्ष होत्या. पहिल्या कृष्णवर्णीय व पहिल्या दक्षिण आशियाई उपाध्यक्ष, असा त्यांचा दुहेरी उल्लेख होत असे. जुलै २०२४ मध्ये शिकागो येथे कृष्णवर्णीय पत्रकारांच्या संमेलनात डॉनल्ड ट्रंप यांनी, हॅरिस या पूर्वी भारतीय होत्या व अलीकडे कृष्णवर्णीय झाल्या, असा आरोप केला. व्यक्तीचा वंश एकच असू शकतो, हे गृहीतक त्यामागे होते.

वंश ठरविण्याचा अधिकार शासनाकडून व्यक्तीकडे आला, हे या दीर्घ इतिहासाचे फलित होय. मात्र व्यक्तीने निवडलेले अभिधान समाज आणि प्रतिस्पर्धी मान्य करतीलच, याची हमी कायदा देऊ शकत नाही. ‘एका थेंबाचा नियम’ लादला गेला तो दडपणुकीसाठी. परंतु त्यातूनच कृष्णवर्णीय समाजाचे ऐक्य व नागरी हक्कांचा लढा उभा राहिला. म्हणूनच अनेक मिश्रवंशीय नेत्यांनी तो झुगारून न देता निष्ठेचे चिन्ह म्हणून स्वीकारलेला दिसतो.