पोलिश लोकनृत्ये आणि वाद्यवृंद : लेखांक सातवा – तीन वेळा लिहिलेली नृत्ये

मागील लेखांकात माझुर, संथ कुयावियाक आणि गरगर फिरणारा ओबेरेक या त्रिमात्रिक नृत्यांचा परिचय झाला; त्यांत आघात पहिल्या मात्रेवरून निसटून दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर जाऊन बसतो आणि समेच्या सवयीच्या आपल्या कानांना प्रथमदर्शनी वादकच चुकला असे वाटते, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. खेड्यातील ताफ्याचा सरंजाम एक व्हायोलिन, एक खर्जाचे तंतुवाद्य आणि एक ढोलके एवढाच असल्यामुळे आघात कोणी द्यावयाचा याचा निकाल तिघांच्या नजरानजरेतच लागतो. तीच धून वीस-पंचवीस वादकांच्या लहान वाद्यवृंदाच्या हवाली केली, म्हणजे मात्र ती वाजवावी कोणी हा प्रश्न गौण ठरून मुकाट बसावे किती जणांनी, हाच मुख्य होऊन बसतो.

या मामल्यात वितोल्द लुतोस्वाव्स्की (१९१३–१९९४) यांच्या ‘प्रेलुदिया तानेच्ने’, म्हणजे नृत्याचे पूर्वरंग, या पाच छोट्या रचनांइतका बोलका दाखला दुसरा नाही. ज्यांच्या पहिल्या सिंफनीवर ‘रूपवादी’ असा शिक्का मारून सरकारदरबारी ती नापसंत ठरविण्यात आली होती, त्या संगीतकाराने उत्तर पोलंडातील लोकधुनींवरून १९५४ साली क्लॅरिनेट व पियानो यांसाठी हे काम केले. पुढे ‘लोकसंगीताचा निरोप’ असे त्याचे वर्णनही त्यांनी स्वतःच केले. १९५५ साली त्यांनी साथ तंतुवाद्ये, हार्प, तालवाद्ये आणि पियानो यांच्याकडे सोपविली. पियानो राहिला खरा, पण कारभारी म्हणून नव्हे, हाताखालचा कारकून म्हणून!

खरी गंमत मात्रांच्या हिशेबात आहे. कित्येक ठिकाणी क्लॅरिनेटची ओळ एका मापाने चालते आणि साथ दुसऱ्याच मापाने, आणि त्यामुळे दोहोंच्या उभ्या रेषा कागदावर जुळत नाहीत. सुरावट दोन-दोन मात्रांनी आणि साथ तीन-तीन मात्रांनी निघाली, तर गाठ पडावयाची ती सहा मात्रांनंतरच. दोघेच वादक असताना हा लपंडाव कानांनी निभावतो. परंतु वृंदाच्या चालकाच्या छडीला एका वेळी एकच माप दाखविता येते, सबब उरलेल्या पक्षाला आपला हिशेब मनातल्या मनात ठेवावा लागतो. चालक एकट्या क्लॅरिनेटकडे न झुकता साथीचे माप धरील तर नृत्याची खोडी शाबूत राहते, असे माझे मत आहे.

१९५९ सालच्या तिसऱ्या मसुद्यात तर पियानोची हातोडी नाही, हार्प नाही, ढोलही नाही. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न आणि चार तंतुवाद्ये असे नऊच वादक. ठोका उभा करावयाचा तो बोटाने छेडलेल्या तारेतून आणि फुंकवाद्याच्या तुटक स्वरातून. क्लॅरिनेटची मिरासही येथे खालसा होते, कारण धून हातोहात सर्वांकडे फिरते. आणि नऊ जणांना छडीवाल्याची गरज सहसा भासत नसल्यामुळे, आघात कोणाचा याचा निकाल पुन्हा नजरानजरेतच लागू लागतो.

(क्रमशः)