सेन्सर नवा, दिवा तसाच

स्कॅनरवर पी ०११८ हा कोड आला की पुष्कळ गॅरेजांत लगेच निकाल लागतो: कुलंटचा सेन्सर गेला, नवा टाका. नवा बसतो, कोड पुसला जातो आणि थोड्याच दिवसांत इंजिनाचा दिवा पुन्हा पेटतो. मुळात तो कोड सेन्सरला दोषी ठरवतच नाही. सेन्सरच्या तारेवर व्होल्टेज हवं त्यापेक्षा जास्त आहे, एवढंच तो सांगतो. तुटलेली तार, सैल पिन किंवा कनेक्टरमधला हिरवा गंज यांमुळेही ते तसंच चढतं.

सेन्सरच्या आत थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध घटतो: अनेक गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, तर ८० अंशांना तीनशेच्या आसपास. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ५ व्होल्ट देऊन तारेवर किती उरले ते मोजतो. गंजाने रोध वाढला की त्याच्या लेखी इंजिन थंड. तार पूर्ण तुटली तर तापमान साधारण उणे ४० वाचलं जातं, मग बाहेर नागपूरचा मे महिना असो.

म्हणून सेन्सर विकत घेण्याआधी दोन पिनांच्या कनेक्टरची एक चाचणी कराच. कनेक्टर काढल्यावर स्कॅनरवर उणे ४० आणि त्याच्या दोन्ही पिना तारेने जोडल्यावर आकडा एकदम वर गेला, तर वायरिंग ठीक आहे. काही ईसीयू बिघाड ओळखून पर्यायी आकडा दाखवतात. तिथे मल्टिमीटरच हवा.

‘काटा मधोमध आहे, म्हणजे सगळं ठीक’ हाही भ्रमच. अनेक गाड्यांत तापमान बरंच वरखाली झालं तरी काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. काटा मधोमध असतानाही सेन्सरचा आकडा चुकत असेल, तर इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू जास्त पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज घसरतं, काळा धूर येतो, गरम गाडी पटकन सुरू होत नाही.

‘आपल्याकडे उकाडा, थर्मोस्टॅट काढूनच टाका’ हा सल्ला तर गाडीचं नुकसान करणारा आहे. त्याने इंजिन नीट तापतच नाही आणि चांगल्या सेन्सरवर आळ येतो.

कनेक्टर बदलताना तारा पिळून टेप गुंडाळणं पुरेसं नाही. बॉनेटखालच्या उष्णतेने टेपचा गोंद सुटतो, पाणी शिरतं. तारांचे सांधे एकमेकांपासून पुढे-मागे ठेवून क्रिंप किंवा सोल्डर करावेत आणि त्यांवर हीट श्रिंक नळी चढवावी. ओ-रिंगच्या सेन्सरला टेफ्लॉन टेप लागत नाही. जुन्या एकतारी सेन्सरला तर आट्यांतूनच अर्थिंग मिळतं, ते टेपमुळे तुटू शकतं.

हे सगळं इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करायचं. गरम इंजिनात कुलंट दाबाखाली असतं. सेन्सर काढला किंवा रेडिएटर कॅप उघडली तर ते अंगावर उसळतं. शेवटी सांडलेलं कुलंट भरून आतली हवा काढायची, कारण हवेच्या पोकळीत अडकलेला नवा सेन्सरही चुकीचंच तापमान दाखवतो.