‘जरा मोठं होऊ दे, मग बघू’

घाटकोपरच्या भटवाडीत काय किंवा असल्फ्याच्या टेकडीवर काय, बाळाच्या हृदयात दोष आहे असं कळलं की घरातलं कुणी मोठं माणूस म्हणतंच, ‘एवढ्याशा जिवावर कसली सुरी चालवता? अंगानं भरू दे, मग बघू.’ मायेपोटीच म्हणतात. काही बाळांच्या बाबतीत हा सल्ला बरोबर असतो, काहींच्या जिवावर बेततो. कुठलं बाळ कुठल्या गटातलं, हे इकोवरून, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवरून ठरतं, बाळाच्या अंगावरच्या बाळशावरून नाही.

हजारात साधारण आठ-नऊ बाळं हृदयदोष घेऊन जन्मतात. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं लहानसं छिद्र पुष्कळदा आपोआप बुजतं. तिथे थांबणं योग्यच. छिद्र मोठं असेल तर बाळाला दूध पिताना दम लागतो, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही. अशा वेळी ‘वजन वाढल्यावर ऑपरेशन’ म्हणणं उलटं आहे, कारण वजन अडतं तेच हृदयामुळे. शिवाय जास्तीच्या रक्तप्रवाहाने फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या हळूहळू कडक होतात. ते फार पुढे गेलं की छिद्र बंद करणंच धोक्याचं ठरतं.

फारच कमी सवड असते ती दोन मुख्य धमन्यांची अदलाबदल झालेल्या बाळाला. त्याचा डावा कप्पा शरीराऐवजी फुप्फुसांना रक्त पुरवतो. जन्मानंतर फुप्फुसांतला दाब उतरतो, काम हलकं होतं आणि काही आठवड्यांत त्या कप्प्याचा स्नायू दुबळा पडतो. म्हणून ‘आर्टीरियल स्विच’ ऑपरेशन बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच उरकावं लागतं. तोवर प्रोस्टाग्लँडिनच्या औषधाने जन्मापूर्वीची एक रक्तवाहिनी उघडी ठेवतात. गरज पडल्यास वरच्या कप्प्यांमधला पडदा फुग्याने रुंद करतात; ही युक्ती विल्यम रॅशकिंड यांची, 1966 सालची. ऑपरेशनमध्ये रक्ताभिसरण यंत्रावर सोपवून दोन्ही धमन्या कापून जागा बदलून शिवतात. खरा कस लागतो तो हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या, जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या कोरोनरी वाहिन्या हलवताना. ब्राझीलच्या अदिब जातेने यांनी 1975मध्ये हे साधून दाखवलं. आज अनुभवी केंद्रांमध्ये यातली बहुतेक बाळं वाचतात आणि पुढे शाळेत धावतात.

दरवेळी हृदय थांबवून उघडावं लागतं, हाही गैरसमजच. महाधमनीचा अरुंद भाग नवजात बाळात बहुधा डाव्या बरगड्यांमधून जाऊन कापतात आणि दोन टोकं जोडतात. उघडी राहिलेली जन्मपूर्व वाहिनी पुष्कळदा मांडीतल्या रक्तवाहिनीतून उपकरण नेऊन बंद करता येते.

छिद्र बुजवायला शिवलेला पॅच ‘बाळ वाढलं की अपुरा पडेल’ ही भीतीही अनाठायी आहे. पॅच वाढत नाही, पण भोवतालचं हृदय वाढतं आणि पॅचवर अस्तर धरतं. कृत्रिम झडप किंवा नळी बसवली असेल तर मात्र ती पुढे बदलावी लागू शकते. त्यामुळे बाळ कितीही ठणठणीत दिसलं तरी तपासण्या सोडू नयेत.

आणि आईला दोष देणं तर थांबवायलाच हवं. गरोदरपणाच्या आठव्या आठवड्यापर्यंत हृदयाची मूळ घडण झालेली असते. सातव्या महिन्यातल्या ग्रहणात हातात धरलेल्या सुरीने त्याला भोक कसं पडेल? बहुतेक वेळा एकच एक कारण सापडतच नाही. आटोक्यात नसलेला मधुमेह, सुरुवातीच्या महिन्यांतला रुबेला, काही औषधं आणि जनुकीय दोष यांनी धोका वाढतो.

गरोदरपणातली सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणूनही निर्धास्त राहू नये. काही दोष तिच्यातून निसटतात. बाळ चोवीस तासांचं झालं की उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून रक्तातला ऑक्सिजन पाहतात. सावळ्या बाळाचा निळेपणा डोळ्यांना उशिरा कळतो, म्हणून ही न टोचता होणारी तपासणी राजावाडी रुग्णालयात बाळंतपण होवो की खासगी प्रसूतिगृहात, मागून घ्यावी.

पैशांसाठी वेळ दवडू नये. परळची वाडिया आणि केईएम रुग्णालयं घाटकोपरहून दूर नाहीत. वाशीची खाडी ओलांडून खारघरला गेलं की श्री सत्य साई संजीवनीत मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातूनही मदत मिळते. इको झाल्यावर दोन गोष्टी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात: दोषाचं नाव, आणि ऑपरेशन लागणार असेल तर ते किती दिवसांच्या आत.