कन्हारावरचं गॅरेज

गॅरेजला लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू ज्या शहराच्या आसपास तयार होते, त्या रायपुरात घरचं गॅरेज मात्र शोधूनच काढावं लागतं. सिमेंट बलौदाबाजार-तिल्द्याच्या पट्ट्यातलं, लोखंड उरला-सिलतराच्या रोलिंग मिलमधलं, विटा औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेच्या, मुरूम गावाबाहेरच्या भाठा जमिनीचा. ट्रक सकाळी निघाला की दुपारच्या आत माल दारात. तरीही मे महिन्यात, पारा ४४-४५ ला टेकलेला असताना, सीजी-०४ पाटीच्या गाड्या गल्लोगल्ली पोर्चखाली निम्म्या आत, निम्म्या उन्हात उभ्या दिसतात.

जुन्या वस्तीचं समजू शकतो. तात्यापारा, बुढापारा इथल्या गल्ल्या मोटारीच्या आधीच्या. तिथे स्कूटर वळवणं हीच कसरत. पण १ नोव्हेंबर २००० ला रायपूर राजधानी झालं आणि शहर मोवा, सड्डू, कचना, अमलीडीहकडे पसरलं. तिथल्या बऱ्या प्लॉटवर घरामागे २० बाय ३० फूट जागा निघू शकते. एवढ्यात दोन गाड्या, दोन-तीन दुचाकी आणि भिंतीलगत दोन फूट रुंदीचं कामाचं टेबल मावतं. ह्युलेट आणि पॅकार्ड यांनी १९३८-३९ मध्ये अमेरिकेतल्या पालो अल्टोला ज्या गॅरेजात धंदा सुरू केला, ते १२ बाय १८ फुटांचं होतं. आपलं त्याच्या पावणेतीनपट.

मात्र तिकडचं गणित इथे चालत नाही. अमेरिकेत कारागिराची मजुरी झेपत नाही म्हणून घरची माणसं हातात हातोडा घेतात. रायपुरात सकाळी मजुरांच्या चावडीवर गेलं की मिस्त्री, कुली, रेजा सगळे भेटतात. मग घरच्यांनी अंग का मोडायचं? पैसे वाचवायला असं कुणी म्हणत असेल तर त्याने हिशेब नीट मांडावा. घमेली स्वतः वाहून जे वाचतं, ते पाठदुखीच्या मलमात जातं. घरच्यांनी तीच कामं घ्यावीत ज्यांत ताकदीपेक्षा चिकाटी लागते, कारण रोजंदारीवरच्या माणसाला चिकाटीचे पैसे कुणी देत नाही. आखणी, पाणी मारणं, लोखंडाला रंग, पत्र्याच्या स्क्रूंची तपासणी ही ती कामं. उंचावरचं वेल्डिंग आणि मेन लाइनची वायरिंग मात्र त्यातल्या जाणकारालाच द्यावी.

त्याआधी कागद. भूमी विकास नियम, १९८४ प्रमाणे प्लॉटभोवती किती जागा मोकळी सोडायची हे ठरलेलं असतं. गॅरेज कुठल्या कोपऱ्यात बसेल हे वास्तुविशारदाकडून समजून घेऊन नगर निगमाकडून नकाशा मंजूर करून घ्यावा. ‘आधी बांधू, मग नियमित करून घेऊ’ हा आपल्याकडचा लाडका विचार आहे, आणि त्यासाठी २००२ पासून वेगळा कायदाही आहे. पण दंड भरून मिळवलेली परवानगी ही स्वस्ताई नव्हे.

आता जमीन. सगळा खेळ इथेच आहे. छत्तीसगडच्या शेतकऱ्याने जमिनीला चार नावं दिली आहेत: भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. भाठा म्हणजे उंचावरची लाल, खडेमिश्रित जमीन. मटासी पिवळसर, हलकी. कन्हार काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी. आणि डोरसा मटासी-कन्हाराच्या मधली. ही वर्गवारी धानासाठी केलेली, पण पायाचा सल्लाही तीच देते. भाठ्यावर बांधाल तर साधा पाया पुरतो. कन्हारावर बांधाल तर सावध, कारण ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. नव्या वसाहती पुष्कळ ठिकाणी धानाच्या शेतांवरच उभ्या आहेत, तेव्हा कन्हार गाठ पडण्याची शक्यता मोठी. दुमजली घराचं वजन मातीच्या फुगण्याला थोडं तरी दाबून धरतं. गॅरेज हलकं, त्यामुळे ते जास्त हलतं. ‘नुसतं पत्र्याचं शेड आहे, त्याला कसला पाया’ हे वाक्य म्हणूनच महागात पडतं. दुसऱ्या वर्षी फरशी मधोमध उचलली जाते आणि शटर खाली टेकेनासं होतं.

उपाय जुनेच आहेत आणि आपल्याच देशात शोधलेले. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने काळ्या मातीसाठी खाली फुगीर कंद असलेल्या पाइलचं तंत्र बसवलं. कंदाचा व्यास दांड्याच्या साधारण अडीचपट असतो आणि तो हलणाऱ्या थराच्या खाली जाऊन बसतो, म्हणून वरची माती कितीही फुगली तरी खांब जागचा हलत नाही. फरशीसाठी दुसरं तंत्र आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं की काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा साधारण मीटरभराचा थर दाबून बसवला, तर खालच्या मातीचं फुगणं आटोक्यात राहतं. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यावर हे तंत्र वापरलं गेलं. गॅरेजसाठी मीटरभर काळी माती काढून त्या जागी भाठ्याचा मुरूम भरायचा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. खोदताना चुनखडक चार-पाच फुटांवरच लागला तर नशीब समजा. पाया सरळ त्याच्यावर टेकवता येतो. म्हणून आधी दोन कोपऱ्यांत माणूसभर खोल खड्डे घेऊन बघावं. ताकदीचं असलं तरी हे एक काम अपवाद म्हणून घरचा कॉलेजात जाणारा मुलगा दोन रविवारांत करू शकतो, आणि बाकी कुठल्याही खर्चाआधी त्या खड्ड्याचं उत्तर लागतं.

आखणीला सुट्टीची सकाळ ठेवावी आणि सगळ्यांना अंगणात उतरवावं. खुंट्या, सुती दोरी, पोलादी टेप आणि चुन्याची फक्की, बस्स. ३० फुटी बाजूवर कोपऱ्यापासून १५ फुटांवर खूण, २० फुटी बाजूवर २० वर; दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर २५ भरलं की कोपरा काटकोनात. मग उलटतपासणी: समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही तिरपी मापं सारखी हवीत, ३६ फूट आणि वर पाऊण इंचाच्या आतबाहेर. फरक बोटभर निघाला तरी दोरी पुन्हा ओढायची. इथे आळस केला तर पुढे पत्रा तिरका कापावा लागतो.

पातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरायचं, त्यात नीळ टाकली की नीट दिसतं. एक टोक घरच्या जोत्याशी आजोबांच्या हातात, दुसरं खुंटीशी नातीच्या हातात. नळीत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. राहिला तर दोन्ही टोकांना पाणी सारखं दिसत नाही आणि आजोबा-नात एकमेकांवर चूक ढकलत बसतात. जोतं रस्त्यापेक्षा किती वर घ्यायचं हा वेगळा प्रश्न. आपल्याकडे रस्ता दर डांबरीकरणाला थोडा वर येतो, खरवडून काढण्याची पद्धत अजून रुळलेली नाही. आज पुरेशी वाटते त्यापेक्षा अर्धा फूट जास्त उंची घ्यावी आणि दारापुढे उतार लांबवावा.

फरशीचं काँक्रीट पाच इंच जाडीचं धरलं तर या मापाला साधारण सात घनमीटर लागतं; एम-२० प्रतीसाठी सिमेंटच्या ५५-६० गोण्या. ओतण्याचं काम मजुरांचं, मिक्सर लावून एका दिवसात उरकायचं. मागच्या भिंतीकडून शटरकडे शंभराला एक असा उतार द्यायचा, म्हणजे ३० फुटांत साडेतीन इंच. ओतल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत कटरने दहा-दहा फुटांचे सहा चौकोन पाडून घ्यायचे, खोली सव्वा इंच. काँक्रीटला तडा जाणारच असतो. तो आपण सांगू तिथे जावा एवढीच ही व्यवस्था.

यानंतर घरच्यांची पाळी. मिस्त्री सांगतो, तीन-चार दिवस पाणी मारा, झालं. भारतीय मानक आय.एस. ४५६ सांगतं साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला आणि कोरड्या, तापलेल्या हवेत किमान १०. रायपूरच्या दुकानात मिळणारी गोणी बहुधा मिश्र सिमेंटचीच असते, तेव्हा दहाच्या खाली येऊच नये. सिमेंटच्या मसाल्याचे दोन-दोन इंची बांध घालून फरशीचे वाफे करायचे आणि त्यांत पाणी भरून ठेवायचं. सकाळी शाळेआधी, संध्याकाळी दिवेलागणीला कुणीतरी बघायचं. दिवाळी झाल्यावर काम सुरू करण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच: डिसेंबरात पाणी लवकर उडत नाही. एप्रिलमध्ये हेच वाफे दुपारपर्यंत कोरडेठाक होतात.

भिंतींना राखेच्या विटा घ्याव्यात. १९९९ च्या केंद्राच्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत राख वापरणं बंधनकारक केलं. ती मर्यादा २००३ मध्ये १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाली. वीट कोपरे धरून येते, गिलावा पातळ चालतो. अर्ध्या विटेच्या भिंतीला दारं-खिडक्या वगळून साडेतीन हजारांच्या आसपास विटा लागतात.

लोखंडाच्या सांगाड्याचा विषय निघाला की रायपूरच्या मराठी घरात भिलाईहून निवृत्त झालेले एखादे काका हजर होतातच. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ ला पेटली. तिथे आयुष्य गेलेल्या माणसाला आपल्या गॅरेजच्या छपराची कैची म्हणजे पोरखेळ. त्यांचं ऐकावं, पण एका बाबतीत पाबळचं उदाहरण समोर ठेवावं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथला घुमट मुलंच उभारतात, कारण तो एकट्याने उचलता येतील अशा लहान लहान लोखंडी तुकड्यांचा, नट-बोल्टने जोडायचा असतो. तोच विचार इथे चालतो. दर दहा फुटांवर एक, अशा चार कैच्या जमिनीवरच वेल्ड करून घ्यायच्या, जमिनीवरच घासून प्राइमर आणि रंगाचे दोन हात द्यायचे, आणि वर फक्त बोल्ट आवळायचे. वर चढवल्यावर रंगवलेल्या कैचीची मागची बाजू कधीच रंगत नाही, आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. रंगाचं काम घरच्यांनी घ्यावं म्हणतो ते यासाठी.

पत्रा कोसळण्याची भीती सगळ्यांना असते. खरी भीती तो उडण्याची. मानकांत रायपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरलेला आहे. एप्रिल-मेच्या अंधडात वारा उघड्या शटरमधून आत शिरून पत्र्याला खालून ढकलतो. म्हणून खांबाच्या तळाची प्लेट काँक्रीटमध्ये पुरलेल्या बोल्टांना जखडलेली हवी, आणि कैची खांबाला. दोन्ही उतारांवर पूर्ण लांबीचा पत्रा मागवावा, मधे जोड नको. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, रबरी वॉशर जेमतेम दबेल इतकाच आवळलेला. मशिन हातात आलं की माणसाला जोर चढतो, वॉशर चिरडतो आणि गळती तिथूनच होते.

उन्हाचा बंदोबस्त पत्रा चढवतानाच करावा. पत्र्याखाली फॉइलचं अस्तर, आढ्यावर गरम हवा जायला फट, दोन्ही भिंतींत खाली झरोके. शटर पश्चिमेला नको. झरोके नुसते हवेसाठी नाहीत. बंद शटरमागे इंजिन सुरू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस न कळत जातो, आणि इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. इलेक्ट्रिक गाडीसाठी १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन, वेगळं अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरला तुटणारा आरसीसीबी परवानाधारक वायरमनकडून आत्ताच घालून घ्यावा. वाळवीचं औषध तर मुरूम भरतानाच गेलेलं हवं. खाली उतरून गाडी दुरुस्त करायचा खड्डा मात्र काढू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती त्यातच साचते. आणि पावसाळ्यात तो खड्डा बेडकांचा.

एवढ्या छपरावर सेंटीमीटरभर पाऊस पडला की साडेपाचशे लिटर पाणी होतं, आणि रायपूरला वर्षाला सुमारे १२० सेंटीमीटर पडतो. पन्हळ आणि शोषखड्डा नसेल तर हे सगळं पाणी पायाशी कन्हारातच मुरणार, म्हणजे मीटरभर मुरूम भरून टाळलेलं दुखणं कडेने परत येणार. शोषखड्डा पायापासून लांब, प्लॉटच्या खालच्या अंगाला घ्यावा.

मृग लागण्याआधी छप्पर पुरं झालं पाहिजे, कारण पहिला पाऊस हीच त्याची तपासणी. सर कोसळत असताना दोघांनी आत उभं राहून थेंब जिथे पडेल त्याच्या वरच्या पर्लिनवर, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या आडव्या लोखंडावर, खडूने खूण करावी. पाऊस थांबल्यावर पत्रा तासाभरात वाळतो आणि कुठला स्क्रू गळत होता हे कुणालाच सांगता येत नाही.