नळीतलं तांबं

रायफलच्या बऱ्याचशा गोळ्यांवर तांब्याचं पातळ कवच असतं. त्यात सुमारे 95 टक्के तांबं, बाकी जस्त. गोळी सुटताना त्यातलं थोडं नळीच्या आतल्या खाचांना घासून चिकटतं. थर साचला की नेम बिघडू लागतो. ऑलिंपिकमधल्या 50 मीटर रायफलला हा ताप जवळजवळ नाही, कारण तिची .22 गोळी साध्या शिशाची असते.

हा थर घासून नव्हे, विरघळवून काढायचा. आधी रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहा, बोटानं चाचपा. मग अमोनियायुक्त द्रावणात भिजवलेली चिंधी शक्यतो मागच्या बाजूनं नळीत सारा. ती गडद निळी होऊन बाहेर आली, की तांबं सुटतंय. मात्र ब्रश पितळी किंवा ब्राँझचा असेल तर तोच विरघळून निळा रंग देतो आणि माणूस उगाच घासत बसतो. नायलॉनचा बरा.

डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा द्रावण जास्त ठेवू नका, पोलादावर डाग पडतात. खिडक्या उघड्या, हातात मोजे. अमोनियाजवळ ब्लीच तर अजिबात नको, विषारी वायू तयार होतो. शेवटी नळी कोरडी पुसून तेलाचा हलका हात फिरवा. पुढच्या फैरीआधी तेही पुसून काढा.