बोटीचं इंजिन शांत करायचंय? आधी आवाजाची वाट शोधा

मी कुंभकोणमहून बोलतोय. आमच्याकडे कावेरी आहे, समुद्र नाही. तरी आज विषय घेतलाय शिडाच्या बोटीतल्या इंजिनाच्या आवाजाचा. कारण आवाज कसा पसरतो ते दाखवायला हे भांड्यांचं गाव फार सोयीचं आहे.

काशाची वाटी बोटांच्या टोकांवर धरून वाजवा, घुमत राहते. काठाला तळवा लावा, गप्प होते. भजनातला टाळही दोरीने धरला तर वाजतो, मुठीत धरला तर बसका आवाज येतो. आता मोबाईल व्हायब्रेटवर करून टेबलावर ठेवा. टेबलच घुरघुरतं. खाली घडी केलेला टॉवेल घाला, घुरघुर जवळजवळ थांबते. मोबाईल तेवढाच थरथरतोय, पण टेबलापर्यंत जायची त्याची वाट तुटली. आजचं सगळं बोलणं या टॉवेलाभोवतीच आहे.

शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असं कुणी विचारेल. बंदरात शिरताना, वारा पडल्यावर, बॅटरी भरायला ते लागतंच. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादई’तून एकट्याने जगप्रदक्षिणा केली. शिडाच्या बोटींचं असं काम आपल्याकडेही होतं, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे. फायबरग्लासचं अंग हलकं आणि ताठ असतं. इंजिन त्याला घट्ट जखडलं, की अख्खी बोट ढोलासारखी वाजते.

हा नुसता कटकटीचा प्रश्न नाही. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही कानांसाठी साधारण मर्यादा धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास. शिवाय समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पहारा डोळ्यांनी आणि कानांनीही ठेवायचा असतो. धुक्यातला जहाजाचा भोंगा किंवा पाण्यात पडलेल्या माणसाची हाक इंजिनाच्या गोंगाटात बुडाली, तर काय होईल ते सांगायला नको.

आवाजाच्या वाटा दोन. एक हवेतून, फटींमधून येते. दुसरी बोटीच्या अंगातून, कंपन होऊन येते. बहुतेक जण थेट फोम आणून चिकटवतात. पण कंपनाच्या वाटेवर फोम काही करत नाही. म्हणून आधी वाट ओळखा. बोट धक्क्याला पक्की बांधा, गिअर न टाकता इंजिन वेगवेगळ्या गतीवर चालवा, मग गिअर टाकून हळू चालवा. गिअर टाकल्यावरच आवाज वाढत असेल तर गिअरबॉक्स, शाफ्ट आणि प्रोपेलर तपासा. एखाद्या ठरावीक गतीलाच बोट थरथरत असेल तर माउंट बघा.

माउंट म्हणजे इंजिनाखालचे रबरी पाय, आपला तो टॉवेल. थोडा हिशेब करू. तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन २००० फेऱ्यांवर सेकंदाला ५० ठोके देतं, ८०० फेऱ्यांवर २०. माउंटवर बसलेल्या इंजिनाची स्वतःची लय सेकंदाला १० असेल, तर ५० ठोक्यांना सुमारे ४ टक्के धक्का खाली जातो, पण २० ठोक्यांना ३३ टक्के. म्हणूनच मंद गतीवर बोट जास्त हादरते. डिझेल-तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं, इंजिन खाली बसतं. असे माउंट बदलाच.

इंजिन बसलं की शाफ्टची सरळ रेष बिघडते. कपलिंगचे बोल्ट काढून दोन चकत्यांमधली फट चार बाजूंनी फीलर गेजने मोजा. १०० मिलिमीटर व्यासाला ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. हे मोजमाप बोट पाण्यात असताना घ्या, कारण जमिनीवर टेकवलेल्या बोटीचा आकार थोडा बदलतो. प्रोपेलरचं पातं वाकलेलं नाही ना, त्यावर शिंपले चिकटलेले नाहीत ना, तेही बघा.

यानंतर हवेची वाट. आवाज अडवतं ते वजन. नुसता फोम आवाज शोषतो, अडवत नाही. म्हणून मध्ये जड थर असलेला, आगीला दाद न देणारा, तेल न पिणारा इंजिनखोलीचा पत्रा घ्या. गादीचा फोम चुकूनही नको. आधी झाकणाच्या फटी रबरी पट्टीने बंद करा. भिंतीचा एक टक्का भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीची भिंत कितीही जड असो, घट २० डेसिबलच्या पुढे जात नाही.

पण एक लक्षात ठेवा. इंजिनाला हवा लागते. तिची वाट बंद करू नका, आतून फोम लावलेल्या वळणदार नळीतून ती आत घ्या. धुराची गळती मात्र लगेच बंद करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो झोपेतच माणूस मारतो.

तर क्रम असा: आधी माउंट, मग शाफ्ट आणि प्रोपेलर, मग फटी, आणि शेवटी फोम. पहिल्या तीन कामांत पैशांपेक्षा वेळच जास्त लागतो. प्रत्येक कामानंतर मोबाईलवर त्याच जागी, त्याच गतीला आवाज मोजा आणि वहीत लिहा. म्हणजे पुढचा खर्च करायचा की नाही, हे आकडेच सांगतील.